मूवाच्या झाडावरची फळी

आमच्या गावात बाळ जन्मलं की नाळ मी कापते. चाळीस वर्षं हेच करतेय. नाळ बांबूच्या नळीत घालायची, वर झाकण ठोकायचं आणि बापानं ती उजाडता उजाडता रानात नेऊन एखाद्या धडधाकट झाडाला बांधायची. ते झाड त्या बाळाचं, जन्मभर. त्याला कुणी कोयता लावायचा नाही. लावला तर पोराचा जीव अंगातून उठून जातो आणि पोर अंथरूण धरतं. पोराला एकदा दाखवलं की कुठलं झाड कुणाचं हे बाप विसरतात. बापांचं काय घेऊन बसलात, दारू उतरेपर्यंत लक्षात राहिलं तरी खूप झालं. मी विसरत नाही. आणि परक्याला सांगतही नाही, कारण तसं सांगायचं नसतं.

एकदाच सांगितलं. सेपॉला.

सेपॉ म्हणजे आमच्या शाळेची थरामू. शिकवणाऱ्या बाईला आम्ही थरामू म्हणतो. तिच्या आधी आलेले सगळे मास्तर खालच्या सपाटीवरचे. ते सरकारी भाषेत बोलायचे आणि पोरं मान डोलवायची. चार-चार वर्षं शाळेत बसून एकाला आपलं नाव वाचता येईना. ही मात्र आमच्यातलीच होती, आम्हा करेन डोंगरी लोकांतली. हडकुळी, पंचविशीची, हिरव्या मिरच्या पेरूसारख्या खाणारी आणि जळवांना घाबरणारी. रानात जाताना जळवा सोडवायला मिठाची पुरचुंडी कमरेला बांधायची. मी म्हणायची, "जळवांवर कसलं मीठ उधळतेस गं, भाताला लागलं तर तुझंच मागून नेते."

आल्यावर आठच दिवसांत माझ्या जिन्याशी येऊन बसली. "आजी, मला पोरांची झाडं दाखवा."

"कशाला? सरपण संपलं का?"

"वाचायला शिकवायचंय."

"मग पुस्तक दाखव त्यांना. झाडावर चढवून माकडं करणार आहेस का पोरांची?"

तोंडावर हात धरून हसली. मग हसू थांबलं आणि म्हणाली, "पुस्तकात त्यांच्या ओळखीचं काही नाही, आजी. आगगाडी आहे, समुद्र आहे. स्वतःचं झाड पोरांना ठाऊक असतं, पण बाहेरून आलेल्या मला ती दाखवत नाहीत. त्या झाडापासून सुरू केलं तर जमेल." मग पायरीवरचा भुसा झाडत म्हणाली, "मला माझं झाड माहीत नाही. धरणापायी आमचं गाव उठवलं तेव्हा मी दोन वर्षांची होते. सुईण वाटेतच मेली. कुणी लिहून ठेवलं असतं तर हरवलं नसतं."

माझा जीव कळवळला. जळला मेला माझा स्वभाव! वरून फणस, आतून लोणी. शाळेत तेवीस पोरं होती. नऊ दिवस तिला घेऊन रान तुडवलं आणि तेवीस झाडं दाखवली.

तिची शाळा मग रानातच भरायला लागली. पोरानं आपल्या झाडावर हात ठेवायचा, झाडाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि नावातला पहिला आवाज तोंडात धरून ठेवायचा. तो आवाज मग कोळशानं फळीवर काढायचा. मूळ, खोड, साल, ढोली, डिंक, सगळे शब्द हात लावून शिकायचे. शब्द झाले की वाक्यं. पान गळतं, खार चढते, मी बसतो. कोण काय करतं ते पोरं परत आल्यावर माझ्या अंगणात नाचून दाखवायची. भात कांडता कांडता मी बघायची आणि म्हणायची, "ही शाळा आहे की तमाशा?" पण दोन पावसाळ्यांत पोरं वाचू लागली. खरंच वाचू लागली. मिठाच्या पुड्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, जे सापडेल ते.

त्यात मूवा. लेतूची मुलगी, आठ वर्षांची. आई तिच्या बाळंतपणात माझ्याच हातावर गेली, म्हणून ती मला जरा जास्तच माझी वाटायची. घरी चिमणीसारखी बोलायची, पण शाळेत तिच्या तोंडाला कुलूप. मास्तरांनी तिला मंद ठरवून मागं बसवली होती. तिचं झाड ओढ्याच्या वर, उंच, तिघांच्या कवेत न मावणारं. सेपॉ रोज तिला एकटीला तिथं नेऊन बसायची. काही बोलायची नाही, नुसती बसायची. तेराव्या दिवशी मूवानं झाडाला गाल लावला आणि तोंडातून पहिला आवाज काढला. सेपॉ पळत माझ्याकडे आली, पायाला तीन जळवा चिकटलेल्या, त्यांचं भानच नाही. "आजी, बोलली! मूवा बोलली!" आणि माझ्या गळ्यात पडून रडली. दिवाळखोर बापाला सोन्याची खाण लागावी तसा आनंद झाला होता तिला.

तिसऱ्या वर्षी तिनं फळ्या काढल्या. वस्तू कशी आहे हे सांगणारे शब्द शिकवायचे होते. प्रत्येक पोरानं आपलं झाड बोलतंय असं धरून तीन गोष्टी लिहायच्या. फळी झाडाला दोरीनं बांधायची, खिळा मारायचा नाही. झाडाला खिळा नको, एवढं तिला कळत होतं. वरची ओळ आमच्या भाषेत, खालची सरकारी भाषेत, कारण शाळा तपासणाऱ्या शहरातल्या साहेबाला तसं हवं होतं. मूवानं लिहिलं, "मी मूवाचं झाड. मी जुनं आहे. मी सरळ आहे. मी आतून लाल आहे." वादळात फांदी मोडली होती तेव्हा तिनं आतला रंग पाहिला होता. तसलं लाल लाकूड डोंगरापलीकडे सोन्याच्या भावानं जातं, हे आम्हाला कुणाला ठाऊक? आम्ही त्या झाडाखाली सावलीला बसायचो.

साहेब आला, बरोबर चार माणसं आणली. फळ्यांचे फोटो काढले, टाळ्या वाजवल्या, पोरांना बिस्किटं वाटली. ते फोटो कुठं कुठं गेले कोण जाणे.

दोन महिन्यांनी भाताची कापणी आली. सगळं गाव वरच्या शेतात. खालून दिवसभर यंत्राचा आवाज येत होता. आम्हाला वाटलं, रस्त्याचं काम चाललंय. लेतू तर म्हणाला, "चला, औंदा रस्ता होणार बघा." संध्याकाळी पोरं पुढं पळाली. मूवा ओढ्यावर हात धुवायला गेली आणि तिथनं तिची किंकाळी आली.

बुंधा तेवढा उरला होता, ताज्या मांसासारखा लाल. रान एवढं अफाट, पण मेल्यांनी दुसऱ्या कशाला हातही लावला नव्हता. फळी मात्र दोरी सोडून नीट बाजूला टेकवून ठेवली होती. चोर असूनही फळी मोडली नव्हती.

चौथ्या दिवशी मूवाला ताप भरला. आम्ही कोंबडी कापली, दारू शिंपडली, मनगटाला पांढरा दोरा बांधला. मी जिन्यावर काठी आपटून तिच्या जिवाला हाका मारल्या, "ये गं बाई, परत ये, भात गरम आहे, ये." पण जीव परत येऊन बसणार कुठं?  सहाव्या दिवशी सेपॉनं तिला मोटारसायकलवर पाठीशी बांधून शहराच्या दवाखान्यात नेलं. मी मागाहून मिळालेल्या गाडीनं पोचले. डॉक्टर म्हणाला, डासांचा ताप आहे, पाच गावांत आहे. तो खोटं बोलत नसेल. पण बाकीची बावीस पोरं घरी खेळत होती.

खाटेवर मूवाचा हात सेपॉच्या हातात होता. पोर म्हणाली, "थरामू, मी फळीवर चुकीचं लिहिलं का?"

"नाही गं राणी. एकही चूक नव्हती."

"मग त्यांनी का तोडलं?"

सेपॉनं तिचा हात आपल्या गालाला लावला.  दोन दिवसांनी मूवा गेली.

तिला पुरून आलो आणि मुखियाच्या ओसरीवर गाव जमलं. लोक चोरांना शिव्या देत होते. कुणाच्याही मनात सेपॉचं नाव नव्हतं, कारण आम्हा म्हाताऱ्यांना फळीवर काय लिहिलंय ते वाचताच येत नव्हतं. ती स्वतः उठली. फळी आणली होती. दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या, मग म्हणाली, "चोरांना झाड मी दाखवलं. त्यांच्या भाषेत लिहून दाखवलं."

 मुखियानं विचारलं, "पण कुठलं झाड कुणाचं, हे तुला सांगितलं कुणी?"

 माझं नाव निघालं असतं तर पुन्हा मला कुठल्या घरानं बाळंतपणाला बोलावलं नसतं. सेपॉनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोरांनीच," ती म्हणाली.

मी गप्प बसले. साठी उलटलेली बाई, आणि त्या पोरीच्या आडोशाला लपले.

कुणी तिला जा म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून शाळेत एकही पोर गेलं नाही. तिनं रानात फिरून उरलेल्या बावीस फळ्या सोडल्या आणि चुलीत घातल्या. जाताना मिठाची पुरचुंडी माझ्या जिन्यावर ठेवून गेली. मी आत होते. बाहेर आले नाही.

त्याला सहा वर्षं झाली. आता नळी कुठं बांधायची ते मीच ठरवते. वाकडं, पोकळ, किडलेलं झाड शोधते, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. परवा लेतूच्या भावाला मुलगा झाला. तो कुरकुरला, "आजी, माझ्या पहिल्या मुलग्याला हे असलं सडकं झाड?"

"सडकंच असू दे," मी म्हटलं. "जगेल तरी."

बरोबर बाळाची मोठी बहीण आली होती, सोळा वर्षांची, शाळेत मूवाच्या शेजारी बसणारी. तिनं चुलीतला कोळसा ओच्यात आणला होता. झाडापाशी वाकून म्हणाली, "आजी, सालीवर बाळाचं नाव लिहू? लहान लिहीन."

मी तिच्या थोबाडीत मारली. चाळीस वर्षांत कुणाच्या लेकरावर हात उचलला नव्हता. ती रडली नाही, गाल धरून उभी राहिली. मी तिथंच चिखलात बसले आणि तिला म्हटलं, सेपॉला झाडं मी दाखवली होती. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

"आम्हाला माहीत होतं," पोरगी म्हणाली. "आम्ही तुमच्या मागनं यायचो ना, आजी. थरामूनं कुणाला सांगू नका म्हटलं होतं."