पाहणीच्या दिवशीचं पाणी

आक्काकडे गेलं की आधी पाणी. चपला काढायच्या आत तांब्या समोर, काठोकाठ भरलेला, त्यावर पेला पालथा घातलेला. तहान लागलीय का, असं तिनं कधी विचारलं नाही. माझी ही थोरली बहीण लातूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला, मुखेडच्या शिवेला लागून असलेल्या एका गावात दिलेली. मला खरं तर त्या तांब्याबद्दल लिहायचंय. पण त्यासाठी आधी माझ्या नोकरीबद्दल सांगावं लागेल, आणि ती काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी नांदेडला एका कचेरीत कारकून होतो. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, मी हौसेनं गेलो. आमची कचेरी डाळीच्या एका जुन्या गोदामात थाटली होती. खुर्च्या कमी, फायलींचे गठ्ठे जास्त, आणि कुठलाही कागद उचलला की बोटाला तुरीचा भुसा. जुन्या जिल्ह्याहून ट्रकनं आलेल्या त्या गठ्ठ्यांत आक्काच्या गावाचाही अर्ज होता. पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी, एवढंच त्यात लिहिलं होतं आणि खाली सह्यांपेक्षा अंगठे जास्त होते. वर्षानुवर्षं तो तसाच पडून होता. गावातले लोक म्हणायचे, आता जिल्हा जवळ आला, आता आपलं काम होणार. मलाही तसंच वाटायचं, कारण आता जिल्ह्यात मी होतो.

त्या साली पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा हुकला होता. विकासाचा पैसा थोडा आणि गावं फार, म्हणून गावांचा क्रम लावायचं काम आमच्याकडे आलं. पंगत बसलेली आणि पातेलं अर्धंच, तेव्हा आधी कुणाच्या पानात वाढायचं ते ठरवायचं. आमचे साहेब गावोगाव जाऊन पाहणी करायचे आणि मी शेजारी बसून तक्ता भरायचो. लोकवस्ती किती, रस्ता कसा, विहिरी किती, त्यांतल्या आटल्या किती. शेवटचा रकाना होता, पाहणीच्या दिवशी गावात पाणी दिसले काय. बाकी सगळं लोकांनी सांगायचं, हा एकच रकाना साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून भरायचा, म्हणून त्याला वजन मोठं. यादीत वर आलेल्या गावांना त्याच वर्षी बोअर, टाकी आणि नळ. खालच्यांपुढे मी लिहायचो, 'पुढील वर्षी विचार व्हावा.' अक्षर माझं चांगलं होतं. साहेब कौतुक करायचे.

साहेब वाईट नव्हते, हे आत्ताच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला कुणीतरी खलनायक हवा असतो, तो इथं मिळणार नाही. बाहेरच्या जिल्ह्यातला सरळ माणूस, कुणाच्या घरचं जेवायचे नाहीत, वशिला ऐकायचे नाहीत. वशिल्याचा विषय निघाला की कचेरीतले दोघंतिघं माझ्याकडे बघून हसायचे. राखीव जागेवरचा माणूस म्हणजे आपल्या लोकांची कामं करणारच, असं ते माझ्या पाठीमागे बोलायचे आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचे. मी फायलीत मान घालायचो. आपल्याकडे बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आक्काच्या गावाची पाळी आली तेव्हा मुखेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ मी तिच्यासाठी चिठ्ठी दिली. परवा साहेबांना घेऊन येतोय, व्यवस्था नीट ठेव, माझी मान खाली जाऊ देऊ नको. एवढंच लिहिलं. अर्जाची नक्कल काढून ठेव, आटलेला आड दाखव, रिकाम्या घागरी दाखव, हे लिहायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणणंही खोटंच. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

आमचे वडील कामासाठी कचेरीत गेले की दारातला शिपाई त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा. पेला त्यांच्यासाठी नव्हता. पुढे आम्ही बौद्ध झालो, विहिरी सगळ्यांना खुल्या झाल्या, मी शिकलो, टेबलाशी बसलो. पण ती ओंजळ वडील मरेपर्यंत विसरले नाहीत आणि त्यांनी आम्हालाही विसरू दिली नाही. जिल्ह्याचा साहेब माझ्या बहिणीच्या ओसरीवर बसून तिच्या हातचं पाणी पितोय, हे मला बघायचं होतं. दुष्काळाची पाहणी आणि माझी ही हौस एकाच जीपमध्ये बसून निघाली.

वस्तीच्या तोंडाशी जीप थांबली तर समोर बायका ओळीनं उभ्या. प्रत्येकीच्या डोक्यावर घासूनपुसून लखलखीत केलेली, पाण्यानं भरलेली घागर. मोठा पाहुणा आला की भरल्या घागरीनं सामोरं जायचं, ही तिथली रीत. अंगणात सडा टाकलेला. साहेबांना पाय धुवायला बादलीभर पाणी ठेवलेलं. ओसरीवर रांजण, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. साहेब बसले. आक्कानं पदर सावरून पेला पुढे केला. साहेबांनी एका दमात पेला संपवला आणि दुसरा मागितला. माझे डोळे भरून आले, ते मी धुळीचं निमित्त करून पुसले. आक्काचा नवरा कोपऱ्यात उभा होता, त्याचंही तेच झालं होतं.

दुसरा पेला हातात असतानाच साहेबांनी विचारलं, पाण्याची अडचण आहे का इथं?

आक्का म्हणाली, "बसा साहेब, पाण्याला काय कमी न्हाई. तुमी घ्या पोटभर."

आमच्याकडचं कुणीही सांगेल की हे पाहुण्याशी बोलायचं बोलणं आहे. पाणी पिणाऱ्याला पाणी नाही असं सांगणं म्हणजे त्याच्या हातातला पेला खाली ठेवायला लावणं. साहेब आमच्याकडचे नव्हते. मी होतो, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर तक्ता घेऊन बसलो होतो. हे पाणी कुठून आणलं, एवढा एकच प्रश्न मी विचारायला हवा होता. नंतर पुरुषमंडळींनी अर्ज दिला, आडाकडे चला म्हणाले, पण उन्हं तापली होती आणि पुढे अजून दोन गावं होती. साहेबांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला.

जीपमध्ये साहेब म्हणाले, "तुमच्या बहिणीचं गाव. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं?"

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. माझ्या डोळ्यांपुढे कचेरीतली ती हसणारी तोंडं आली. मी म्हणालो, "दिसलं ते लिहू, साहेब." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तुमच्यासारखी माणसं हवीत म्हणाले. हलत्या जीपमध्ये मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, पाणी उपलब्ध. यादी लागली तेव्हा आक्काचं गाव शेवटच्या पानावर होतं. पुढील वर्षी विचार व्हावा.

तो उन्हाळा मी लातुरात माठातलं गार पाणी पिऊन काढला. गावच्या बायका शिव ओलांडून मुखेडकडच्या एका ओढ्यात जायच्या. तिथं वाळूत खड्डा खणायचा, तळाला पाणी झिरपेपर्यंत बसून राहायचं आणि वाटीनं घागर भरायची. दाजी हैदराबादेकडे बांधकामावर गेले होते. घरात म्हातारी सासू आणि आक्का. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आक्काला दिवस गेले होते, पाचवा महिना होता. भरलेली घागर घेऊन ओढ्याचा चढ चढताना तिचा पाय घसरला. बाळ गेलं. उदगीरच्या दवाखान्यात मी तिला भेटायला गेलो, तर तिनं सासूला खूण केली. सासूनं मला पेलाभर पाणी दिलं. आक्काला पुढे मूल झालंच नाही.

त्या गावाला नळ यायला बरीच वर्षं लागली. तोवर वस्तीतली निम्मी घरं कुलूप लावून गेली होती. ज्या वर्षी नळ आला त्याच्या आधीच्या वर्षी दाजी वारले. मी बढत्या घेतल्या, कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. निरोप समारंभात माझ्या निःपक्षपातीपणावर दोन भाषणं झाली. मी हार घालून घेतला.

निवृत्तीनंतर जीव रमेना. त्या रकान्याचं ओझं एवढी वर्षं मी एकट्यानं वाहिलं होतं आणि मला ते कुठंतरी उतरवायचं होतं. एका दुपारी आक्काच्या ओसरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. तक्ता, गावांचा क्रम, शेवटचा रकाना, भरलेल्या घागरी बघून साहेबांनी काय समजून घेतलं ते. चूक माझी होती, जीपमध्ये मी बोललो असतो तर क्रम बदलला असता, हेही सांगितलं. दोनदा सांगितलं. पण तिनं फक्त पहिलंच ऐकलं.

तिनं अंगणातल्या नळाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी आमी पाणी दाखिवलं, म्हून पाणी आलं न्हाई?"

मी म्हणालो, तसं नाही आक्का, मी बोलायला पाहिजे होतं.

"चार खेपा केल्या हुत्या म्या त्या वड्याला," ती म्हणाली. "बाकीच्या नगं म्हनत हुत्या. एवढ्या लांबून आनलेलं पाणी सड्याला कशाला, म्हनल्या. म्याच आयकलं न्हाई. माझा भाऊ यायलाय म्हनलं."

ती रडली नाही. उठून आत गेली आणि भांडी लावत बसली. त्या क्षणी मला कळलं की माझं ओझं उतरवायच्या नादात मी ते तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. एवढी वर्षं बाळ गेलं त्याचा दोष ती दुष्काळाला देत होती, नशिबाला देत होती, एखादे वेळी सरकारलाही देत असेल. आता ती स्वतःला देणार होती. माझी कबुली मी गिळून मेलो असतो तर बरं झालं असतं. हे मी आज मनापासून लिहितो.

त्यानंतरही मी तिच्याकडे जातो. ती तसंच हसते, तब्येत विचारते, भाकरी टाकते. नळाला रोज पाणी येतं, रांजण भरलेला असतो. मी चपला काढायच्या आत ती तांब्या आणून समोर ठेवते. तो अर्धा असतो.