वाजला म्हणजे गेला

बंद पडलेला अँप्लिफायर घेऊन मी दुरुस्ती करणाऱ्या शैलाताईंकडे गेलो. त्यांनी आतला पॉवर ट्रान्झिस्टर काढला आणि मल्टिमीटरची लाल-काळी टोकं त्याच्या पायांना लावली. मीटर पीं करून वाजला.

"वाजला! म्हणजे चांगला आहे ना?"

"वाजला म्हणजे गेला," त्या म्हणाल्या. टोकं उलटसुलट केली, तरी पीं चालूच. मग त्यांनी नवा ट्रान्झिस्टर तपासून दाखवला. एकीकडून मीटरवर आकडा आला, टोकं उलटी केल्यावर काहीच नाही. "चांगला असेल तर उलट्या बाजूने वीज जाऊच देत नाही."

म्हणजे अडवता येणं ही धडधाकट असल्याची खूण? मला गंमतच वाटली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "रविवारी येताय ना ऑफिसला?"

नेहमीचं 'हो सर' ओठांवर आलं, आणि मला ती पीं ऐकू आली.