आळंदी रोड ओलांडण्याचं गणित

अकरावीच्या मुलांना मी घरी फिजिक्स शिकवते. कॉलेजं सुरू झाली की आमच्या विश्रांतवाडीच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी चेंडू वर फेकले जातात, मनोऱ्यावरून दगड सोडले जातात आणि मोटारी स्थिर अवस्थेतून निघून एकसमान त्वरणाने कुठेतरी जातात. कुठे, ते पुस्तकात दिलेलं नसतं. हे सगळं आतल्या खोलीत बसून ऐकायला माझे बाबा असतात. सरकारी कचेरीत जन्मभर त्यांनी लोकांच्या अर्जांवर शेरे मारले. निवृत्त झाले ते बाबा, शेरे नव्हे.

"मनोऱ्यावरून दगड टाकणारा हा इसम कोण? खाली माणसं राहत नाहीत का?" असं आतून यायचं. मी "घर्षण नगण्य माना" म्हटलं की, "या घरात?" एकदा मी सापेक्ष वेग शिकवत होते. शेजारशेजारच्या रुळांवरून दोन गाड्या एकाच दिशेने, सारख्याच वेगाने चालल्या आहेत, तर एकीतल्या माणसाला दुसरी जागच्या जागी उभी दिसते. आतून प्रश्न आला, "मग तिकीट कशाला काढलं?" पोरं खिदळली. मी उठून दार लावून घेतलं.

चार शेरे मारून झाले की बाबांची उरलेली संध्याकाळ आळंदी रोडच्या पलीकडे जाते. तिथे विहाराबाहेर एक बाकडं आहे आणि त्यावर त्यांच्याच वयाचे तिघेचौघे बसतात. राजकारण, रक्तातली साखर आणि जावई हे विषय तिथे रोज नव्याने निघतात. यंदा उन्हाळ्यात रस्ता ओलांडताना एक मोटारसायकल बाबांना घासून गेली. चष्मा फुटला, बाबा वाचले. मी फर्मान काढलं, "एकट्याने पलीकडे जायचं नाही."

त्यांनी ऐकलं, हेच विचित्र होतं. रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून पलीकडच्या बाकड्याकडे बघत बसायचे. हळूहळू शेरे यायचे बंद झाले. मनोऱ्यावरून दगडांवर दगड पडत होते आणि आतून कोणी चकार शब्द काढत नव्हतं. ती शांतता मला सोसेना. पण फर्मान मागे घेण्याइतकी मोठी मी झाले नव्हते.

मग एकदा मी चहा ठेवायला आत गेले असताना बाबा बॅचसमोर येऊन उभे राहिले. "लिहून घ्या. एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आळंदी रोडच्या कडेला उभे आहेत. त्यांना दुभाजकापर्यंत जायचं आहे. बस येते आहे. तर गृहस्थ पोचतील की नाही? मुलीचा हट्ट नगण्य माना."

मी चहा घेऊन बाहेर आले तोवर पोरं कामाला लागली होती. "आजोबा, इनिशियल व्हेलॉसिटी झिरो घेऊ ना?" एकीने विचारलं. बाबांचा वेग कोणालाच माहीत नव्हता, म्हणून सगळी वरात खाली पार्किंगमध्ये गेली. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत दुभाजकापर्यंतचं अंतर धरलं आणि मोबाइलवर वेळ लावली. बाबा पहिल्या खांबाच्या मागून, चांगली पाच पावलं आधीच निघाले आणि खांबाशी आले ते भरधाव. वय झालेल्या माणसाने ही लबाडी करावी! मी ती पाहिली. पण कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा फुलला होता, म्हणून गप्प बसले. उत्तर आलं: गृहस्थ पोचतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी बॅचला गणित देऊन गॅलरीत. त्यांनी हात वर केला, वाहनं कुरकुरत थांबली आणि बाबा दुभाजकावर चढले. तिथून वळून त्यांनी मलाही हात केला. उरलेला रस्ताही पार झाला. त्या दिवशी मी फार छान शिकवलं.

बॅच सुटली, अंधार पडला, तरी बाबा येईनात. हाताला लागली ती कापडी पिशवी घेऊन मी खाली उतरले आणि जरा लांबून रस्ता ओलांडला. बाबा पलीकडच्या कडेला उभे होते. वाहनांत फट पडली की एक पाय खाली टाकायचे. लांबून दिवा चमकला की पाय मागे. त्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. पार्किंगमध्ये समोरून दिवे आलेच नव्हते. किती वेळ ते असे उभे होते कोण जाणे.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. "भाजीला आले होते."

त्यांनी रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. "मिळाली?"

"संपली होती."

"असं."

आम्ही निघालो. मी त्यांचा हात धरला नाही, फक्त त्यांच्या चालीने चालले. ती चाल पार्किंगमधली नव्हती. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. एक स्कूटरवाला आमच्यासाठी थांबला आणि म्हणाला, "अहो काका, रस्ता ओलांडताय की मोजताय?"

"मोजून झालाय कालच!" बाबा म्हणाले.

दुभाजकावर त्यांनी दम घेतला. "एकमेकांच्या मानाने आपला वेग किती गं?"

"शून्य."

"म्हणजे तू मला आणायला आलेली नाहीस."

"नाही. भाजीला आलेय."

समोरून दिव्यांची रांग येत होती. बाबांनी डोळे बारीक केले. "उद्याही संपलेली असेल का गं?"

"या वेळेला रोजच संपते, बाबा."

त्यांनी मान हलवली, हात वर केला आणि आम्ही उरलेला रस्ता ओलांडला.