चामड्याची टोपी

एकतीस वर्षं चर्चची घंटा वाजवणाऱ्या घंटेवाल्या काकांना दुसऱ्याचं कौतुक सोसत नसे. त्या रंगाऱ्याचं तर मुळीच नाही.

हा रंगारी म्हणजे पंधरा वर्षं दारूत बुडालेला माणूस. एकदा नशेत त्याने चर्चच्या रंगीत काचेवर धोंडा घातला होता. आता म्हणे आठ महिने थेंबाला शिवला नव्हता. एवढ्यावर पाळकांनी त्याला भर उपासनेत मिठी मारली, पुढच्या बाकावर बसवलं, आणि काकांच्या गुडघ्यांचं निमित्त काढून जाहीर केलं, "येत्या रविवारी घंटा हे वाजवतील."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एकतीस वर्षांत एक रविवार चुकलो नाही मी. मला मारली का कधी कुणी मिठी?" घरी येऊन ते बायकोवर उखडले.

"तुम्ही कधी चुकलातच नाही, मग माफ काय करायचं तुम्हाला?" बायको भाजी निवडत म्हणाली. "बसा आता गप्प."

त्यांना काही गप्प बसवेना. धोंडा मारणाऱ्याला मिठी आणि दोर ओढणाऱ्याला गुडघेदुखी, हा देवाचा कसला न्याय?

कुणी वारलं की घंटेच्या लोलकाला चामड्याची टोपी चढवत. मग घंटा जड, दबका आवाज काढी, आणि वस्ती समजून जाई. शनिवारी दुपारी काका कण्हत मनोऱ्यावर चढले, टोपी चढवली आणि आपल्या नेहमीच्या गाठीने करकचून आवळली. पहिल्याच दिवशी फजिती झाली की उतरेल सगळा तोरा, असा त्यांचा हिशेब.

रविवारी रंगाऱ्याने दोर ओढला आणि वस्ती धावत सुटली. "कोण गेलं? कोण गेलं?" एका बाईने तर नाव कळायच्या आधीच रडून घेतलं. एरवी तीस डोकी जमायची तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणीच गेलं नाही हे कळल्यावर मात्र लोक खवळले.

रंगारी वर जाऊन पाहून आला आणि हात जोडून सगळ्यांपुढे उभा राहिला. "चुकलो. दोर ओढायच्या आधी वर बघायला हवं होतं मी. माफ करा."

पाळकांनी त्याला पुन्हा मिठी मारली! "माफ केलं. देवानेही केलं," ते म्हणाले.

मागच्या बाकावर काका जळून खाक होत होते. पाप आपलं, त्यापायी गुडघे झिजवले आपण, आणि माफी ह्याला? एकतीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या वाट्याची माफी ह्या चर्चमध्ये आली होती, आणि तीही हा घेऊन चालला होता. गप्प राहावं तर ती कायमची गेली. मागावी तर सगळ्यांसमोर उभं राहावं लागणार.

काका उठले. गुडघे असे कडकडले की सगळ्यांनी मागे पाहिलं.

"टोपी मी चढवली," ते म्हणाले. "जळत होतो ह्याच्यावर. ती माफी माझी आहे."

बायकोने डोळे मिटून घेतले.

"माहीत आहे, काका," रंगारी म्हणाला. "गाठ बघूनच ओळखलं. मला सुटेना ती. चला, तुम्हीच सोडा."

त्याच्या खांद्यावर हात टाकून काका जिना चढू लागले. अर्ध्यावर दम खायला थांबले तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"मिठी मारताना पाळक कानात काय म्हणतात रे?"

"काही नाही," रंगारी म्हणाला. "नुसते रडतात."

उरलेल्या पायऱ्या काका गुडघ्यांचं नाव न काढता चढले.