मोसंबीच्या पेटीतली ऊब

आमच्या ताईचं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच झालं. औरंगाबादच्या दवाखान्यात काचेची पेटी एकच होती. याच्याहून नाजूक मूल आलं, तेव्हा डॉक्टरांनी याला घरी न्यायला सांगितलं. ऊब कमी पडू देऊ नका आणि जास्तही होऊ देऊ नका, एवढंच बजावलं. सांगायला त्यांचं काय जात होतं. ताईचं सासर पैठण रस्त्याला, दिवस कडाक्याच्या थंडीचे. तिच्या सासऱ्यांनी मोसंबीची एक लाकडी पेटी घासूनपुसून घेतली, आत कापूस अंथरला, वर शंभर वॅटचा बल्ब टांगला आणि नातवाला त्यात ठेवलं.

मी तेव्हा शहरात राहून पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकत होते. दोन्ही घरांत विजेचं कळणारी मी एकटीच, म्हणून मला बोलावणं आलं. क्रांती चौकातून जादा बल्ब घेतले, कॉलेजातून मीटर मागून घेतला आणि एसटी धरली. पोचले तेव्हा ताई बाळाकडं बघतच नव्हती, बल्बकडं बघत होती. बल्ब तांबूस, मरगळलेला जळत होता.

"सकाळधरनं असाच हाय," ती म्हणाली. "त्याच्या पायाला हात लावून बघ."

मी लावला. पाय गार होते.

शिवारात गव्हाला पाणी देणं चाललं होतं. विहिरीविहिरीवर मोटारी चालू, त्यामुळं व्होल्टेज पार खाली गेलेलं. मीटर लावला. दोनशेतीसच्या जागी दीडशे व्होल्ट, आणि करंट शून्य पूर्णांक चौतीस अँपिअर. दोन्हींचा गुणाकार एक्कावन्न वॅट. म्हणजे ऊब निम्म्यावर आलेली. व्होल्टला अँपिअरनं भागलं, रोध आला चारशे एक्केचाळीस ओहम. पूर्ण व्होल्टेजला हाच बल्ब पाचशे एकोणतीस दाखवतो. बल्बची तार जितकी थंड तितका तिचा रोध कमी, म्हणजे तारच तापत नव्हती. परीक्षेत हे गणित मी डुलक्या घेत सोडवलं असतं. इथं साधा भागाकार दोनदा चुकला.

दारात उभे राहून मामा, म्हणजे ताईचे सासरे, ऐकत होते. "म्हंजी मोटारींच्या पायी पोराला ऊब मिळंना?"

"व्हय मामा," मी मान वर न करताच म्हणाले. मला तेव्हा कुणी मध्ये बोललेलं खपत नव्हतं. ते चपला घालून निघून गेले. गेले असतील गोठ्याकडं, असं मला वाटलं.

मी पेटीत दुसरा बल्ब टांगला. त्याच्या तारा पहिल्याच्या शेजारच्या सॉकेटमध्ये काड्या खोचून बसवल्या. दोन्ही मिळून शंभरच्या आसपास वॅट, म्हणजे एका बल्बच्या पूर्ण उबेएवढी. शेतीची लाईट दुपारी जायची, घरची चालू राहायची. मोटारी थांबल्या की व्होल्टेज वर चढणार, म्हणून त्याआधी एक बल्ब काढायचा, हे मी मनाशी पक्कं केलं. तासाभरात बाळाचे पाय कोमट झाले. कित्येक रात्री जागलेल्या ताईचा बसल्या जागी डोळा लागला. मी भाकरी घेऊन अंगणात बसले.

विहिरीवरची एक मोटार बंद पडली. मग पलीकडची. मग लांबची. अशी शांतता पसरली की पाखरांचा आवाज येऊ लागला, आणि मला क्षणभर बरंच वाटलं. मग घास हातातच राहिला. दुपार व्हायला अजून खूप वेळ होता.

धावत आत गेले. खोली पांढरीफटक उजळली होती. दोन्ही बल्ब पूर्ण जोरानं पेटले होते, दोनशे वॅट, त्या वीतभर जिवावर. मी तारा हिसकल्या, बाळाला उचललं. पाठ लालबुंद, तव्यावरून काढल्यासारखी गरम, आणि तो रडत नव्हता. इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. ताई दचकून उठली, तिनं त्याला माझ्याकडून ओढून घेतलं, चोळी सोडून उघड्या छातीशी धरलं आणि त्याच्या तोंडावर फुंकर घालत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो बारीक आवाजात कण्हला.

तेवढ्यात अंगणात माणसांची चाहूल लागली. मामा परत आले होते, आणि त्यांच्या मागं पोटऱ्यांपर्यंत चिखल लागलेले शेजारचे शेतकरी.

"समद्यांनी मोटारी बंद केल्या बरं का," मामा बाहेरूनच म्हणाले. "निम्मं वाफं कोरडं सोडून आलेत बिचारे. म्हणले, पोरगं आधी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, मारलं असतं तुम्ही त्याला, असं ओठावर आलं होतं. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"पोरी, आता पडतोय का उजेड चांगला?" त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

ताईनं बाळाच्या लाल पाठीवर पदर ओढून घेतला.

"व्हय, लई चांगला पडतोय," ती म्हणाली. पदराखाली तिनं बाळाची पाठ पुन्हा चाचपून बघितली.