दोन जावा आणि दूध काढायचं यंत्र

संशोधन केंद्रात त्याला सगळे आकडेशास्त्री म्हणत. गोठ्यात वैरण किती गेली, पेंड किती, माणसांचे हात किती राबले आणि त्यातून दूध किती आलं, याचं गणित मांडायचं. कोणत्या तंत्राने तेवढ्याच खर्चात दूध वाढेल ते सांगायचं, हे त्याचं काम. निवृत्तीनंतरही त्याचं मन घुटमळायचं ते पहिल्या गोठ्यापाशी. तो घरचाच होता.

तिथे आई आणि शेजारच्या घरातली काकू मिळून धारा काढायच्या. एरवी दोघी जावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण धारेला बसल्या की पाठीला पाठ लावून सगळ्या आळीची खबरबात घ्यायच्या. एखादीला हसू फुटलं की गाय बुजायची. लहानपणी अंथरुणात लोळत तो ते हसणं ऐकायचा आणि पुन्हा पांघरूण ओढून घ्यायचा.

तो केंद्रात नवाच लागला होता, तेव्हा आईची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळेना.

"यंत्र घेऊ का रे? तुझं गणित काय म्हणतं?"

आईने आपल्याला विचारावं! तो हरखून गेला. आठवडाभर कागदात डोकं खुपसून बसला. उत्तर स्वच्छ आलं: यंत्र परवडतं आणि दोघींचं काम एकीवर भागतं.

यंत्र आलं. दूध वाढलं, आईची बोटं सैल झाली. काकू मात्र फुरंगटली. "आता माझं काय काम तिथे?" म्हणाली आणि गोठ्याकडे फिरकेनाशी झाली. पुढच्या सुटीत तो घरी आला, तर आई मोटरच्या घरघरीत मुकाट उभी.

"गोठा खायला उठतो रे," एवढंच बोलली.

तो तसाच काकूकडे गेला. "काकू, आईला नळ्या धुवायला जमत नाहीत. येतेस का जरा?"

"तिनेच पाठवलं ना तुला?"

"नाही गं, शप्पथ!"

"मग मी नाही येत. तिला बोलवू दे."

निरोप ऐकून आईने आधी नाक मुरडलं. मग कुंपणाशी जाऊन ओरडली, "अगं ए! येतेस, की पायघड्या घालू?"

काकूच्या पायात चपला केव्हाच होत्या.

त्या दिवसापासून गप्पा पुन्हा रंगल्या. फक्त मोटरवरून आवाज चढवून बोलावं लागे, त्यामुळे जिच्याबद्दल बोलणं चाले तिलाही ते घरबसल्या ऐकू जाई. दोन-तीन भांडणं त्यातूनच झाली.

केंद्राच्या पाहणीत त्याने घरचा गोठाही धरला होता. त्याचे आकडे पाहून साहेबांनी भुवया उंचावल्या. "या गोठ्यात यंत्र आहे ना? मग दोन माणसं कशाला?"

"एक यंत्र बघते, साहेब."

"आणि दुसरी?"

"बोलते."

साहेब पोट धरून हसले. गणिताच्या हिशेबी तो गोठा कायम मागासलेलाच राहिला. आकडेशास्त्र्याने त्यातलं दुसरं माणूस कधी खोडलं नाही.

बऱ्याच वर्षांनी काकू गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत आईने गायी विकायला काढल्या. गायी चांगल्या दुभत्या होत्या, यंत्रही ठणठणीत होतं. त्याने कारण विचारलं नाही. गाडीत गायी चढवायला तेवढा हात लावला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत आईच्या शेजारी उभा राहिला.