एकदाच विचारतात

टेक्सासमधल्या शुगर लँडला आल्यावर सुरुवातीची वर्षं माझा जीव नुसता घुसमटला. नवऱ्याची तेल कंपनीत नोकरी आणि माझ्या व्हिसावर मला कामाची बंदी. "म्हणजे तुम्ही घरीच असता का?" असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरायचं. नागपूरची आहे मी, गप्प बसणं मला जमत नाही. त्यामुळे २००४च्या गणपतीत एका काकूंनी सांगितलं, की ह्यूस्टनमधल्या एका वकीलबाईंना हिंदी येणारं कुणीतरी हवंय, पगार नाही, तेव्हा मी नवऱ्याला न विचारताच हो म्हणून टाकलं.

वकीलबाई अमेरिकन. आईबापांशिवाय देशात आलेल्या मुलांच्या केसेस त्या फी न घेता लढवायच्या. त्यांच्या ऑफिसात मला ती भेटली. चौदा वर्षांची, नेपाळच्या डोंगरातली, सिनेमे बघून हिंदी शिकलेली. तिच्या गावात बंदूकवाले बंडखोर शाळेतून मुलं उचलून न्यायचे. भावाला नेलं, तो परत आला नाही. मग हिच्यासाठी निरोप आला, तेव्हा आईने काळजावर दगड ठेवून हिला एका एजंटबरोबर पाठवून दिलं. अमेरिकेच्या सीमेवर एजंट पळाला, ही पकडली गेली. आता ती मुलांच्या शेल्टरमध्ये होती, आणि तिला इथे ठेवायचं की परत पाठवायचं हे जज ठरवणार होते.

हे सगळं तिने मला नीट सांगितलं. पण तयारी करताना वकीलबाईंनी विचारलं, "परत जायची तुला भीती वाटते का?" की ही खाली बघून हळूच म्हणायची, "नाही."

दर वेळी तेच. कोर्टात असं म्हणाली तर केस संपली, असं वकीलबाई हताश होऊन म्हणाल्या. मला तर तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

त्या दिवशी मी डब्यात शिरा नेला होता. तिला म्हटलं, घे. नको म्हणाली. घे गं. नको. अगं घे म्हणते ना, असं दटावलं तेव्हा कुठे तिने चमचा उचलला, आणि डबा चाटूनपुसून साफ केला. अरे देवा, म्हटलं, हिला तर आपल्यासारखंच वळण आहे! परक्याकडे आधी नकोच म्हणायचं, आणि आपलं रडगाणं तर मुळीच गायचं नाही.

हे वकीलबाईंना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. समजलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जज आग्रह करत नाहीत. ते एकदाच विचारतात."

मग ही शिकवणी माझ्याकडे आली. मी तिला बजावलं, इथे जे आहे ते पहिल्यांदाच सांगून टाकायचं. पुढच्या खेपेला पराठे नेले. घेतेस का? सवयीने नको म्हणाली. मी डबा बंद केला. लेकरू उपाशीपोटी उत्तरं देत बसलं. कसली मेली ही शिकवणी! निघताना तो डबा मी तिला घेऊन आलेल्या शेल्टरच्या बाईच्या हातात कोंबला आणि गाडीत बसून हमसून हमसून रडले. त्यानंतरच्या खेपेला मात्र मी विचारल्याबरोबर ती म्हणाली, "हो आंटी, भूक लागलीय." मी तिचा मुकाच घेतला.

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. दुभाषा कोर्टाचा, नेपाळी बोलणारा, फोनवर. मला तोंड उघडायची सोय नव्हती. जजनी विचारलं आणि ती खाली बघत राहिली. बोल गं माझी बाई, मी मनात म्हणत होते. मग तिने मान वर केली. भीती वाटते म्हणाली. भावाचं सांगितलं. कुत्री भुंकली की आई तिला धान्याच्या कोठीत लपवायची, हेही सांगितलं. हे तर मलाही ठाऊक नव्हतं.

जजनी तिला राहायची परवानगी दिली. बाहेर वकीलबाईंनी तिला मिठी मारली. मी म्हटलं, आता तुला कुणी परत पाठवणार नाही.

तिने लगेच विचारलं, "मग आईला कधी आणायचं?"

वकीलबाईंचा चेहरा उतरला. कायद्याने मुलांना आईला बोलावता येत नाही, ही मुलगी स्वतः मोठी होऊन इथली नागरिक होईपर्यंत तरी नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ते माझ्या तोंडून तिला ऐकावं लागलं.

"ठीक आहे, आंटी," ती म्हणाली.

"ठीक नाहीये गं बाळा," मी म्हटलं आणि तिला जवळ ओढलं. तेव्हा ती रडली.